लग्नाच्या आदल्या दिवशीचा अर्ज

लिफ्ट बंद पडल्यावर धावत येतो तो साधा मेकॅनिक, आणि ती बंद पडायच्या आदल्या दिवशी येतो तो खरा मेकॅनिक, असं आगाऊरावांचं ठाम मत होतं. मत कामापुरतं राहिलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण सत्तावीस वर्षं त्यांनी ते घरादाराला लावलं. सकाळची गाडी असली की आदल्या संध्याकाळी स्टेशनवर जाऊन फलाट बघून यायचे. दाढ दुखायच्या आधीच दाताच्या डॉक्टरकडे जाऊन बसायचे. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला तर ते एक दिवस आधी पोचले आणि आलोच आहोत तर म्हणून रिकाम्या खोलीत सगळ्या खुर्च्या मांडून परत आले. त्या दिवसापासून कंपनीत त्यांना कोणी खऱ्या नावाने हाक मारली नाही, आगाऊराव हेच नाव पडलं. त्यांनाही त्याचं काही वाटायचं नाही. उशीरराव म्हणण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणायचे.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे आजचा दिवस कधी हाताला लागतच नाही, आज उद्याची तयारी आणि उद्या परवाची, असं ती येईल त्याला सांगायची. सांगणं हा तिचा आवडीचा उद्योग होता. जिन्यात भेटलेल्या माणसाला वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत ती घरातली सगळी हकिगत ऐकवू शकायची.

या दोघांची एकुलती एक लेक. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती बापाचं बोट धरून कामावर जायची. एका जुन्या इमारतीतल्या लिफ्टची देखभाल आगाऊरावांकडे होती आणि तिथेच तिसऱ्या मजल्यावर कृत्रिम पाय बनवायची कार्यशाळा होती. बाप लिफ्टच्या टपावर बसून तारा तपासत असायचा, तेव्हा पोर त्या कार्यशाळेच्या दारात उभी राहून बघायची. आधी माप, मग साचा, मग घासकाम, आणि शेवटी एखादा माणूस दोन दांड्यांना धरून पहिलं पाऊल टाकायचा. आठव्या वर्षी तिने घरी जाहीर केलं की मी पाय करणार. सगळे हसले. बाविसाव्या वर्षी चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या मशीनवर बसूनही ती तेच म्हणत होती, तेव्हा हसायचे थांबले.

हे काम शिकवणारं कॉलेज शहरात एकच होतं, चार वर्षांचं, आणि फी ऐकून आगाऊरावांनी आकडा पुन्हा एकदा विचारला होता. कॉलेजची मदत योजना होती, नाही असं नाही. घरची कमाई एका ठरलेल्या रेषेच्या खाली असली की फी माफ. आगाऊरावांची कमाई त्या रेषेच्या वर होती. फार नाही, टाचा उंचावल्यावर कुंपणावरून डोकं दिसावं इतकीच. आणि ती वर का होती, तर लेकीला शिकवायचं म्हणून त्यांनी तीन वर्षं दर रविवारी ओव्हरटाइम केला होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मग त्यांनी ओव्हरटाइम सोडला, तर कंपनीने नेमकी त्याच वर्षी सगळ्यांना पगारवाढ दिली. बाकीच्यांनी साहेबांचे आभार मानले. आगाऊराव केबिनमध्ये जाऊन मला वाढ नको म्हणाले, आणि साहेबांनी काळजीने त्यांना दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं.

प्रवेश मिळाला होता. पैसे नाहीत म्हणून कॉलेजने लेकीची जागा एक वर्ष राखून ठेवली होती. पुन्हा ठेवणार नव्हते, तसं पत्रातच लिहिलं होतं. या वर्षी मदत मिळाली नाही तर जागा दुसऱ्याची, आणि लेक आयुष्यभर काचा घासणार.

मुदतीच्या अकरा दिवस आधी आगाऊराव लेकीला घेऊन मदत कार्यालयात गेले. चौथा मजला, खिडकी क्रमांक चार. सहा पानी फॉर्म त्यांनी स्वतः भरला होता, तपासणीच्या वहीत लिहितात त्या ठसठशीत अक्षरात. तिसरं आणि चौथं पान पालकांच्या माहितीचं होतं, आणि तिथे त्यांनी स्वतःचं शिक्षण, नोकरी, कमाई, सगळं असं सविस्तर लिहिलं होतं की जागा न पुरल्याने समासातही मजकूर गेला होता. खिडकीवाल्या बाईंनी कमाईच्या रकान्यावर नजर टाकली आणि त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी सवयीने विचारलं, मुलगी अविवाहितच ना. आगाऊरावांनी सांगितलं की ठरलंय, तीन महिन्यांनी आहे.

बाईंनी पेन खाली ठेवलं. नियम असा होता की अर्जदार चोविसाच्या आतला आणि अविवाहित असेल तर आईवडिलांची कमाई धरायची. लग्न झालेलं असेल तर त्यांचं घर वेगळं, माणसं दोन, आणि कमाईही त्या दोघांचीच. आईवडील हिशेबातच नाहीत. आणि लग्न झालंय की नाही हे बघायचं ते अर्जावर शिक्का पडेल त्या दिवशी. मुदत संपत होती पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता.

"हा मी नियम सांगतेय, सल्ला देत नाहीये," बाई म्हणाल्या. "फॉर्मसाठी कोणी लग्न करू नका. नवऱ्याची कमाई जास्त निघाली तर मिळायची तीही मदत जाते."

"आमचं फॉर्मसाठी नाहीये," लेक म्हणाली. "फॉर्ममुळे फक्त लवकर."

लवकर हा शब्द कानावर पडला आणि आगाऊरावांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

नवरा मुलगा बेकरीत पहाटेच्या पाळीला मैदा मळायचा. दोन वर्षांपूर्वी तो चष्मा करायला लेकीच्या दुकानात आला होता. चष्मा झाला तरी येतच राहिला. कधीही भेटला तरी त्याच्या भुवयांवर थोडं पीठ असायचं आणि त्याची कमाई, देवाची कृपा, अगदी बेताची होती. एखाद्या जावयाच्या तुटपुंज्या पगारावर सासरा इतका खूश झाल्याचं आजवर कोणी पाहिलं नसेल. आगाऊरावांनी तर त्याला विचारून टाकलं की इतक्यात बढतीबिढती तर नाही ना मिळणार. जावई म्हणाला की मालकांची तशी काही लक्षणं दिसत नाहीत. मग त्यांच्या जिवात जीव आला.

लग्नाची महिनाभर आधीची नोटीस आगाऊरावांनी दोघांना केव्हाच द्यायला लावली होती. नोंदणी कार्यालयात एकच वेळ रिकामी होती, त्याच शेवटच्या शुक्रवारी सकाळी अकराची. अकराला लग्न, दोनला मुदत. लग्न पाहावं करून म्हणतात, यांनी ते अकरा दिवसांत करून पाहायचं ठरवलं. म्हणीत नवरा उतावळा असतो, इथे नवरा शांत होता आणि गुडघ्याला बाशिंग बांधून सासराच फिरत होता. बेकरीच्या वरची खोली भाड्याने मिळाली. भट्टीमुळे तिची जमीन कायम कोमट असायची. आगाऊरावांनी तिथे दोन दिवसांत रंग दिला, नळाचे वायसर बदलले, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आई फोनवर बोलावणी करत होती. शेजारणीने आवाज खाली आणून विचारलं की इतकी घाई, काही विशेष आहे का. आई म्हणाली, आहे ना, चार वर्षांनी पदवी होणार आहे.

या सगळ्या गडबडीत नवा फॉर्म लेकीने एकटीने भरला. खोलीचं दार लावून बसली, लग्न झाल्यावर वेळ मिळणार नाही म्हणून सहीखाली शुक्रवारची तारीख आधीच घातली, पाकीट चिकटवलं आणि बुधवारी ते बापाच्या हातात दिलं. शुक्रवारी आमच्या सह्या झाल्या की तिथून थेट जाऊन द्यायचं, तोवर तुमच्याकडे ठेवा, तुमच्याकडून काही हरवत नाही, असं म्हणाली. बापाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. फॉर्म आपल्याला न दाखवता का भरला, हा प्रश्न त्यांना पडला, पण मुलगी मोठी झाली असं म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. पाकीट हत्यारांच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात गेलं.

गुरुवारी त्यांचं काम नेमकं कॉलेजशेजारच्या इमारतीत निघालं. तीनला संपलं. पिशवीत पाकीट, समोर कॉलेजचं फाटक, आणि उद्या शेवटचा दिवस. आता इथे दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. आगाऊराव फाटकापाशी उभे राहून विचार करू लागले. उद्या रांग असणार. उद्या रस्त्यात गाड्या अडकणार. उद्या कार्यालयाचा शिक्काच सापडला नाही तर. नियम त्यांना माहीत नव्हता असं नाही, पण नियम दहा दिवसांचा होता आणि सवय सत्तावीस वर्षांची. शिवाय आत तारीख शुक्रवारचीच आहे, म्हणजे अर्ज शुक्रवारचाच झाला, फक्त एक दिवस आधी येऊन बसला, असा युक्तिवादही त्यांनी स्वतःशी केला. तळमजल्यावर बंद पाकिटं घ्यायची एक खिडकी होती. तिथल्या माणसाने मान वर न करता शिक्का मारला आणि पोच दिली. आगाऊराव शीळ घालत घरी आले. कोणाला काही बोलले नाहीत. लेकीला लग्नाची भेट म्हणून उद्या पोच दाखवायची होती.

शुक्रवारी सगळं उत्साहात सुरू झालं. लेक निळ्या कपड्यांत अशी दिसत होती की आईला दोनदा चष्मा पुसावा लागला. जावई पाळी संपवून, आंघोळ करून, नवा शर्ट घालून आला, तरी एका कानामागे पीठ होतंच. साक्षीदार म्हणून आईवडील आणि बेकरीचे मालक. फक्त त्यांच्या आधीच्या जोडप्याचे फोटो संपता संपेनात, त्यामुळे अकराचे बारा वाजून गेले. शेवटी नोंदणी अधिकाऱ्यांनी वही पुढे केली. लेकीने सही केली, जावयाने केली, साक्षीदारांनी केल्या, दाखला हातात पडला. बारा चाळीस झाले होते. लेकीने हात पुढे केला.

"बाबा, पाकीट."

आगाऊरावांनी खिशातून पोच काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. पाकीट कालच देऊन टाकलं, आता रांग नको की धावपळ नको, असं ते हसत म्हणाले. लेकीने शिक्का वाचला. पुन्हा वाचला.

"बाबा, काल माझं लग्न झालं नव्हतं."

सत्तावीस वर्षं लिफ्टच्या खोल खड्ड्यावर उभं राहून काम केलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन त्या क्षणी सरकली. बेकरीचे मालक पुढे झाले. खाली गाडी उभी आहे, चला, एवढंच म्हणाले.

बेकरीची गाडी म्हणजे पुढे दोन माणसांची जागा आणि मागे पावाचे ट्रे. पुढे मालकांशेजारी आई बसली. मागे नवरा, नवरी आणि आगाऊराव ट्रेच्या मांडणीला धरून उभे. प्रत्येक वळणाला तिघे एकदम एका बाजूला जायचे. दुसऱ्या वळणाला लेकीला हसू फुटलं. तिसऱ्याला जावयाला. आगाऊराव तेवढे पोच मुठीत धरून घामाघूम झाले होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते की मी नीट करतो, मी सगळं नीट करतो. एक वाजून पंधरा मिनिटांनी गाडी कॉलेजच्या फाटकात वळली. लिफ्टसमोर गर्दी होती. आगाऊरावांनी लिफ्टकडे बघितलंसुद्धा नाही. चार मजले ते सगळ्यांच्या पुढे जिन्याने चढले.

खिडकी क्रमांक चारसमोर शेवटच्या दिवसाची रांग होती, वीसेक माणसांची. लग्नाच्या कपड्यांतली मंडळी धापा टाकत येताना पाहून रांग जरा हलली, पण जागा कोणी दिली नाही. मग आई पुढे झाली. तिला आजवर जिन्यात जी सवय झाली होती, ती एका दमात कामाला आली. पोरीची जागा, आपल्या नवऱ्याचा उतावीळपणा, आजचं लग्न, कालचा शिक्का, सगळं तिने रांगेच्या शेपटापासून तोंडापर्यंत चालत सांगितलं. ती खिडकीशी पोचली तेव्हा रांग दोन्ही बाजूंना सरकली होती आणि मधला रस्ता मोकळा होता. मागून कोणी तरी नवरा-नवरीला शुभेच्छाही दिल्या.

बाईंनी गठ्ठ्यातून पाकीट शोधून फोडलं. सही शुक्रवारची, शिक्का गुरुवारचा. अठरा वर्षांत असा अर्ज पाहिला नाही, म्हणाल्या. तसाच पुढे गेला तर खोटी माहिती म्हणून बाद होईल आणि जागाही जाईल. आगाऊराव खिडकीच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले की चूक माझी आहे, तिने आजच द्यायला सांगितलं होतं, तिला शिक्षा करू नका. बाईंनी घड्याळ बघितलं. एक पंचवीस. जुना अर्ज मागे घ्यायचा, नवा भरायचा, दाखल्याची प्रत जोडायची, आणि दोनच्या आत माझ्या हातात, असं म्हणून त्यांनी कोरा फॉर्म सरकवला. जुना रद्द करण्यासाठी त्या त्याची पानं उलटू लागल्या, आणि तिसरं पान आगाऊरावांना दिसलं.

पालकांची माहिती, अर्जदार विवाहित असेल तर रेघ मारून खोडायची. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक आडवीतिडवी, थरथरलेली रेघ होती. चौथ्या पानावरही तशीच. लेकीने दार लावून फॉर्म का भरला आणि पाकीट का चिकटवून दिलं, ते त्यांना आत्ता कळलं.

बाकावर बसून लेक भराभर लिहू लागली. जावई पगाराचा कागद धरून शेजारी उभा. आई दर मिनिटाला वेळ सांगत होती, शेवटी जावयाने हात जोडले तेव्हा थांबली. पहिलं पान झालं. दुसरं झालं. वैवाहिक स्थितीपुढे लेकीने विवाहित असं लिहिलं आणि इतक्या घाईतही तिचे कान लाल झाले. मग तिसरं पान आलं आणि पेन थांबलं.

"बाबा, जरा पाणी आणता का प्यायला?"

आगाऊरावांना तिचा बहाणा कळला. त्यांना दुखलं. तशाच दोन पानांवर त्यांनी स्वतःचं सगळं आयुष्य लिहून काढलं होतं, आणि लेकीला आता त्यांच्यादेखत ते खोडायचं धैर्य होत नव्हतं. आणि दुखत असतानाच त्यांना इतका आनंद होत होता की छाती फुटेल असं वाटत होतं, कारण आज पहिल्यांदाच मदतीच्या त्या रेषेवर त्यांचं डोकं दिसणार नव्हतं.

"पाणी राहू दे," ते म्हणाले. "पेन दे इकडे."

नव्या शर्टाच्या खिशातही त्यांची कामावरची स्टीलची पट्टी होती. ती त्यांनी पानावर तिरकी ठेवली, अंगठ्याने घट्ट दाबली आणि रेघ ओढली. पान उलटलं, दुसरी ओढली. हात जराही हलला नाही. दोन्हींच्या शेजारी लेकीने सही केली, आणि पुढची पानं तिने लिहिली की उडत पार केली ते सांगता यायचं नाही.

एक बावन्नला शिक्का पडला. शुक्रवारचा. त्याचा आवाज रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. बाईंनी काचेखालच्या तक्त्यावर बोट फिरवलं, दोन माणसं, एवढी कमाई. पत्र तीन आठवड्यांनी येईल म्हणाल्या, पण तक्ता काही बदलत नाही. पूर्ण फी माफ. जावयाने आधी सासूला मिठी मारली, मग बेकरीच्या मालकांना, मग गोंधळून रांगेतल्या एका अनोळखी माणसाला. आई रडतरडत सगळ्यांना तेच पुन्हा सांगत होती, जे सगळ्यांनी नुकतंच ऐकलं होतं.

आगाऊराव बाकापाशीच उभे होते, हातात पट्टी. लेक त्यांच्याजवळ आली.

"बाबा, ते फक्त कागदावर आहे हो."

"असू दे," ते म्हणाले. "तीन वर्षं सगळे रविवार घातले, पण तुझं पाऊल पुढे पडेना. आज एक रेघ मारली आणि तू कॉलेजात गेलीस."

असं म्हणून ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. लेकीने त्यांच्या नव्या शर्टात तोंड लपवलं. खिडकीवाल्या बाईंसमोर अजून अर्धी रांग होती आणि दोन वाजायला पाच मिनिटं होती, तरी पुढचा नंबर पुकारायला त्या थोडा वेळ थांबल्या.